ऑर्केस्ट्रा हा शब्द आणि १९५८ची एक मैफल

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ असे म्हटले की डोळ्यांपुढे काय येते, ते निराळे सांगावयास नको. गणेशोत्सवाचा मांडव, जरीचा कोट घातलेला निवेदक, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा गायक, लताबाईंच्या आवाजाजवळ जाऊ पाहणारी गायिका, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि मागे रंगीत दिवे. फलकावर कधी ‘वाद्यवृंद’ असा भारदस्त शब्द असतो; बोलताना मात्र तो ऑर्केस्ट्राच. ठाणे जिल्ह्यातील महामार्गांवर तर या शब्दाला ‘बार’ची जोड मिळाली आणि तो अधिकच घसरला. पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड असलेल्या काही मित्रांना हा शब्दार्थाचा ऱ्हास वाटतो. शंभर वादक, हातात छडी घेतलेला संचालक आणि पुढे उभा राहून कॉन्चेर्टो वाजवणारा व्हायोलिनवादक कुठे, आणि आपल्या मैदानावरचा हा गाण्यांचा कार्यक्रम कुठे, असे ते म्हणतात.

आमचे मत निराळे आहे. शब्द आपोआप घसरत नाहीत. ते माणसांच्या मागोमाग जातात. मुंबईत सिंफनी वाजवणारी माणसे ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने हा शब्दही गेला. ती वाट शोधू लागले की १९५८ हे साल आणि त्या वर्षी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात झालेली एक मैफल यांपाशी थांबावे लागते. मराठी संगीतविषयक लेखनात या मैफलीचा उल्लेख सहसा आढळत नाही. तो का आढळत नाही, हाही प्रश्नाचाच एक भाग आहे.

मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करण्याचे श्रेय मेहली मेहता यांचे. १९०८ साली जन्मलेल्या या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्या काळची मुंबई अशा उद्योगाला अनुकूल होती. हिटलरच्या छळामुळे देशोधडीला लागलेले युरोपातील ज्यू कलावंत इथे आश्रयाला येत होते. वॉल्टर काउफमान हे त्यांपैकी एक. हे गृहस्थ १९३४ मध्ये मुंबईत आले, पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत इथे राहिले. आकाशवाणीची जी संकेतधून ऐकत महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या सकाळी उठल्या, ती या काउफमानची. शिवरंजनीच्या छायेतील त्या धुनेत तंबोऱ्यावर जे व्हायोलिन ऐकू येते, ते मेहली मेहतांचे असल्याचे सांगितले जाते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांपासून अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगारांपर्यंत ज्यांनी आयुष्यात कधी बीथोव्हनचे नाव ऐकले नाही, त्यांच्याही कानावर हा मुंबईचा युरोपीय वारसा रोज पहाटे पडत होता.

मेहलींच्या वाद्यवृंदात पारशी होते, ज्यू होते, ब्रिटिश होते. पण त्याचा कणा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा होता. असे असण्याचे कारण गोव्याच्या चर्चशाळांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून ‘मेस्त्र’ नावाचा शिक्षक मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवी. त्या शिक्षणाचा मूळ हेतू प्रार्थनासंगीताचा. पण त्यातून शेतकऱ्याच्या, सुताराच्या घरातील मुलगाही पाच रेघांवरील स्वर पाहताक्षणी वाजवू शके. उर्वरित हिंदुस्थानात अशी विद्या कोणत्याही एका समाजाजवळ इतक्या व्यापक प्रमाणावर नव्हती. पोटासाठी हे वादक मुंबईला येत, धोबीतलावच्या परिसरातील गावोगावच्या ‘कुडां’त मुक्काम करत, आणि हॉटेलांतील नाचाच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, संस्थानिकांच्या व पोलिसांच्या बँडमध्ये काम शोधत. बोलपट आले तेव्हा चित्रपटसंगीताला नेमक्या याच विद्येची गरज पडली.

ही गरज नीट समजून घेतली पाहिजे. हिंदी चित्रपटाचे संगीतकार बहुतेक पेटीवर चाल बांधणारे. चाल त्यांच्या डोक्यात असे. पण तीस व्हायोलिने, चार चेलो, बासरी आणि ट्रम्पेट यांनी एकाच क्षणी काय वाजवावे, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावे लागे. ते काम अरेंजरचे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी ते सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. हे डिसोझा पूर्वी लाहोरला हॉटेलात बँड चालवत. ज्या फाळणीने कल्याणची छावणी भरली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, तिनेच या गोवेकरालाही लाहोरहून मुंबईला आणून सोडले. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांतील ट्रम्पेट आणि नाचऱ्या ठेक्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतोनियो झेवियर वाझ यांचा हात होता. फ्रँक फर्नांड दिवसा इतरांची गाणी लिहून काढत आणि १९६३ मध्ये त्यांनी ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. पडद्यावर यांची नावे क्वचित आली. आली तरी ‘साहाय्यक’ या मोघम शब्दाखाली.

म्हणजे मुंबईत एकच वादकवर्ग दोन संसार करत होता. दिवसा स्टुडिओत गाण्याच्या ‘टेक’साठी बसणारा व्हायोलिनवादक संध्याकाळी मोझार्ट वाजवी. पहिल्या कामाला पैसा होता, दुसऱ्याला प्रतिष्ठा. या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य भिंत होती आणि ती तशीच राहावी, असेच दोन्ही बाजूंच्या मालकांना वाटत असावे.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश श्रोते आणि वादक निघून गेले, आणि प्रतिष्ठेचा संसार खिळखिळा झाला. मेहली १९४५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गालामियान यांच्याकडे शिकून परतले होते. मुंबईत आता आपल्याला पुढे काही नाही, हे त्यांना उमगले असावे. त्यांचा थोरला मुलगा झुबिन सोळाव्या वर्षीच वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊ लागला होता. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, नेहरूंच्या निमंत्रणावरून यहूदी मेन्युहिन भारतात आले आणि त्यांनी दुष्काळनिधीसाठी व्हायोलिनच्या मैफली केल्या. (याच दौऱ्यात पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची त्यांची मुंबईत गाठ पडली, आणि जगाला योग शिकवणारे एक पर्व सुरू झाले. मराठी वाचकाला मेन्युहिन आठवतात ते बहुधा या योगापुरते. व्हायोलिन मागे राहते.) झुबिन सेंट झेवियर्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीसाठी दाखल झाला होता. ते सोडून १९५४ मध्ये तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकावयास गेला. पुढल्याच वर्षी मेहलींनी मुंबई सोडली आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरी धरली. स्वतःचा वाद्यवृंद असलेला माणूस दुसऱ्याच्या वाद्यवृंदात वादक म्हणून जातो, यातच मुंबईच्या सिंफनीची त्या वेळची अवस्था स्पष्ट होते.

आता १९५८. त्या वर्षी बावीस वर्षांच्या झुबिन मेहतांनी लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय संचालन-स्पर्धा जिंकली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: १९६२ पासून लॉस एंजेलिस, १९७८ पासून न्यूयॉर्क, आणि इस्रायल फिलहार्मोनिकशी अर्धशतकाचे नाते. त्याच वर्षी, झुबिन ज्या महाविद्यालयातून निघून गेले त्याच सेंट झेवियर्सच्या चौकात, तिशी नुकतीच ओलांडलेला दुसरा एक संचालक शंभरावर वादकांसमोर उभा होता. त्याचे नाव अँथनी गोन्साल्विस.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गोव्यातील माजोर्डे गावचा. १९४३ मध्ये नौशाद यांच्या वादकसमूहात व्हायोलिनवादक म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि थोड्याच काळात ते अरेंजर झाले. ‘महल’, ‘प्यासा’, ‘नया दौर’ यांसारख्या चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव निगडित आहे. व्हायोलिनचे शिक्षक म्हणूनही ते नावाजलेले होते. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. पण स्टुडिओतील बहुतेक गोवेकर वादक हिंदुस्थानी रागसंगीताकडे नोकरीतील एक गरज म्हणून पाहत, तेव्हा गोन्साल्विस त्याच्या प्रेमात पडले. राग हा सिंफनीचा कच्चा माल होऊ शकेल काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्या ध्यासातून त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे एकलगायक म्हणून त्यांच्यासोबत उभे राहिले. वादक अर्थातच स्टुडिओतले होते. पूर्वी जी माणसे दिवसा एक आणि संध्याकाळी दुसरे वाजवत, त्यांना या गृहस्थाने एकाच संध्याकाळी दोन्ही वाजवावयास लावले.

त्यांच्या रचनांमध्ये सारंग रागातील एक कॉन्चेर्टो आहे आणि तोडी थाटातील व्हायोलिन कॉन्चेर्टो आहे. या निवडीतच धाडस आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा सारा डोलारा स्वरसंघांवर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या मेळावर, उभा असतो. षड्ज, गंधार, पंचम हा त्यांतला पहिला आणि घरचा मेळ. सारंगात गंधारच नाही. म्हणजे ज्या घरी परत यावयाचे, त्या घराचा मधला खांबच काढून घेतलेला. तोडीची अडचण निराळी. गंधार आहे, तोही कोमल. पण तोडी रागात पंचम अल्प. त्याला वळसा घालून जाण्यातच तोडीची तोडी राहते. स्वरसंघ मात्र पंचम मागतो, आणि ठसठशीतपणे मागतो. शिवाय पंचमावर जो मेळ बांधून पाश्चात्त्य रचना षड्जाकडे परतते, त्याला ऋषभ शुद्ध लागतो. तोडीचा ऋषभ कोमल. तो घातला की परतीची वाट सांगणारा मेळ स्वतःच अस्वस्थ होतो. भूप किंवा बिलावलावर सिंफनी बांधणे त्या मानाने सोपे गेले असते. तोडी घेणारा माणूस सोप्याच्या शोधात नव्हता. ‘तोडी राग’ न म्हणता ‘तोडी थाट’ म्हणण्यात त्यांनी थोडी सूट घेतली, असे मात्र आम्हांला वाटते: थाट म्हणजे स्वरांची यादी, राग म्हणजे त्या स्वरांचे वागणे. यादीवर कागदी स्वररचना करता येते. वागणे कागदावर उतरवणे कठीण.

कागद हाच खरा तिढा आहे. आपल्या मैफलीत गायक जे करतो ते त्या क्षणी सुचलेले असते, आणि काळाचा हिशेब तबलजीच्या ठेक्यात असतो. छडी घेऊन उभा राहणारा कुणी तिथे लागतच नाही. समेवर सगळे आपापले पोहोचतात. शंभर वादकांना असे आपापले पोहोचता येत नाही, म्हणून त्यांना कागद लागतो आणि कागद वाचवून घेणारा संचालक लागतो. (इंग्रजी ‘कंडक्टर’ हा शब्द आपल्याकडे एस.टी.च्या तिकिटापुरताच उरला, ही गंमतही या संदर्भात अगदीच निरर्थक नाही.) व्हायोलिन आणि वाद्यवृंद ही एकाच घरातील मंडळी; पण महाराष्ट्राने त्यांतील एकीला आपलेसे केले, दुसऱ्याला नाही. व्हायोलिन मांडी घालून बसले. त्याचे टोक पायाशी टेकले, तारा षड्ज-पंचमात मिळवल्या गेल्या, आणि पडदे नसलेल्या त्या पट्टीवर मींड काढता येते हे कळताच गायकी अंगाचे व्हायोलिन जन्माला आले. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार ही परंपरा वाचकांना परिचित आहे. ‘गीतरामायणा’ला साथ करणारे आणि पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणून घराघरांत पोहोचलेले प्रभाकर जोगही याच घरातले. या सर्वांनी व्हायोलिनला गळा दिला. पण गळा एकट्याचा असतो. पंचवीस व्हायोलिने एकाच श्वासात वाजणे हे निराळे शास्त्र, आणि ते आपल्याकडे फक्त स्टुडिओत टिकले.

गोन्साल्विस यांचा प्रयोग का रुजला नाही? कारणे मला तरी संगीताबाहेरची अधिक दिसतात. शंभर माणसांच्या तालमींचा खर्च तिकिटांतून निघत नाही. जगात कुठेच निघत नाही. युरोपात तो शासन उचलते, अमेरिकेत धनिक. मुंबईतील पाश्चात्त्य संगीताच्या आश्रयदात्यांना युरोप ऐकावयाचा होता. चित्रपटातील गोवेकर वादकाने लिहिलेली सिंफनी त्यांना युरोप वाटणार नव्हती. हिंदुस्थानी संगीताच्या मंडळांना स्वरसंघ म्हणजे रागाचा भंग वाटे. ज्या काळात आकाशवाणीने साध्या पेटीवरसुद्धा १९४० पासून तीन दशके बंदी ठेवली, त्या काळातील शुद्धतेची कल्पना ध्यानात घेतली म्हणजे हे नवल वाटू नये. शासनाने ‘वाद्यवृंद’ काढला होता, तो १९५२ पासून दिल्लीच्या आकाशवाणीवर, रविशंकरांच्या संचालनाखाली. पण तो सरकारी पगारावरचा. उरले चित्रपटसृष्टीतील निर्माते. त्यांना तीन मिनिटांच्या गाण्यापुरता वाद्यवृंद हवा होता, आणि तो त्यांना रोज मिळतच होता. कुणाच्याच अंगणात न बसणारे मूल असे या प्रयोगाचे झाले. वादकांनी तरी काय करावे? तालमीला गेले की त्या दिवसाचा स्टुडिओतला रोज बुडत असे.

१९६५ मध्ये गोन्साल्विस सिरॅक्यूस विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर अमेरिकेस गेले. परत आल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवली आणि माजोर्ड्यात राहिले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातील एका गाण्यात अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते प्यारेलालनी आपल्या गुरूच्या आठवणीसाठी तिथे घातलेले आहे. सारा देश ते नाव उच्चारू लागला, आणि त्या नावाचा खरा माणूस आहे याची कल्पना फार थोड्यांना होती. गुरुदक्षिणा म्हणून ही मोठीच. पण तिच्यात एक विलक्षण विपरीतपणाही आहे. ज्याने आयुष्यभर इतरांच्या गाण्यांत स्वतःचे नाव न येऊ देता काम केले, त्याचे नाव अखेर आले ते गाण्यातील विनोदी पात्राचे म्हणून.

मराठी अभ्यासकांनी नाट्यसंगीतावर, भावगीतावर, घराण्यांवर किती लिहिले आहे, हे आपण वर्गात शिकवतोच. ज्या गाण्यांच्या आठवणींवर आपल्या ललित गद्याची पाने भरली, त्या गाण्यांतील व्हायोलिनांचे शब्दशः लेखन करणारा माणूस मात्र त्या पानांवर नाही. तो ख्रिस्ती होता, घरी कोंकणी बोलत होता, त्याचे शिक्षण चर्चच्या शाळेत झाले होते, आणि त्याची मैफल दादर-गिरगावच्या सभागृहांत होत नव्हती. हा इतिहास पुढे आणला तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी: नरेश फर्नांडिस यांनी, आणि स्टुडिओतील वादकांच्या मुलाखती घेत हिंडणाऱ्या ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने. मराठीत काम नाही, असे नाही. पण जे आहे ते गायक आणि संगीतकार यांच्या नावापाशी थांबते.

स्टुडिओतील वाद्यवृंदही अखेर टिकला नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिंथेसायझर आले, वेगवेगळ्या वेळी वाजवून एकत्र करण्याचे तंत्र आले, आणि एकाच खोलीत साठ वादक बसवण्याची गरज संपली. तोवर त्यांच्या गाण्यांची नक्कल करणारे रंगमंचीय संच गावोगावी निघालेले होतेच. त्यांनी स्वतःला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले, कारण ध्वनिमुद्रिकेत जे वाजत होते तो ऑर्केस्ट्राच होता. सुरुवातीच्या संचांत दोन-तीन व्हायोलिने, अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन असत. मग तेही कीबोर्डमध्ये गेले. नाव तेवढे राहिले.

२००६ साली एनसीपीएमध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. नावात इंडिया असले तरी वादकांत कझाकस्तानहून आलेल्यांचा भरणा मोठा होता. एके काळी धोबीतलावच्या कुडांतून जे मनुष्यबळ मिळत होते, ते आता विमानाने आणावे लागले. २०१२ पासून तिथे मुलांना लहानपणापासून वाद्य आणि स्वरलेखन शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. माजोर्ड्याच्या मेस्त्राने जे फुकट शिकवले असते, तेच हे शिक्षण. गोन्साल्विस यांचे निधन त्याच वर्षी १८ जानेवारीला झाले. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अडुसष्ट किलोमीटर, आणि तिथून नरिमन पॉइंट आणखी पुढे. आमच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी गेल्या काही वर्षांत हा प्रवास केला आणि व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकून शेवटच्या गाडीच्या आत परतले. त्यांतल्या एकाचा प्रश्न असा होता की, हे सगळे कागद पाहून वाजवतात, मग मधेच व्हायोलिनवाला एकटा थांबून वाजवतो आणि बाकीचे गप्प बसतात, तो भागही कागदावर असतो का? त्याला ‘कादेन्झा’ म्हणतात, आणि पूर्वी तो भाग वादक त्या क्षणी सुचेल तसा वाजवत असे, हे त्याला सांगितले. ‘म्हणजे आलापच,’ तो म्हणाला. गोन्साल्विस यांना ज्या फटीतून तोडी आत घ्यावीशी वाटली असेल, ती बहुधा हीच.